उजव्या हाताची साक्ष

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय शांभवी,

तुझा फोन नंबर माझ्याजवळ आहे आणि तू तो बदललेला नाहीस, हेही तुझ्या वडिलांनी मला सांगितले आहे. तरीही मी पत्र लिहिते आहे. फोनवर समोरचा माणूस शब्दाची वाट पाहत नाही, कागद पाहतो. मला तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे. तर्कशास्त्राच्या आपल्या जुन्या रीतीत जे सिद्ध करायचे ते प्रथम सांगतात, मग त्याचे कारण, मग उदाहरण. नोकरीभर मी मुलांकडून हाच क्रम घोटून घेतला. आज मी तो मोडणार आहे आणि मागणी शेवटी ठेवणार आहे, कारण ती आधी वाचलीस तर तू एकतर दयेने होकार देशील किंवा जुन्या रागाने नकार, आणि यांपैकी कोणतेच उत्तर माझ्या उपयोगाचे नाही. मला तपासून दिलेले उत्तर हवे आहे. तेव्हा मधली पाने उलटू नकोस.

गेल्या महिन्यात मनातले ओळखण्याचा तुझा प्रयोग कोल्हापुरात झाला, त्या संध्याकाळी मी प्रेक्षकांत होते. शेवटून दुसरी रांग, खांबाच्या कडेची खुर्ची. नागाप्पाला मी सांगितले नव्हते; तुझ्या वडिलांच्या पोटात बातमी एक चहा होईपर्यंतसुद्धा टिकत नाही, हे तुला मी सांगायला नको. तो पहिल्या रांगेत बसून प्रत्येक टाळीला मागे वळून पाहत होता. शिरोलीच्या आपल्या फाउंड्रीतून आणलेली माणसे पुरेशा जोराने टाळ्या वाजवतात की नाही, याची त्याला काळजी होती. मी शाल डोक्यावरून घेतली म्हणून त्याच्या नजरेतून सुटले.

तुझा प्रयोग मी युक्तिवाद पाहावा तसा पाहिला, म्हणजे कोणत्या पायरीवर काय गृहीत धरले जाते आहे, इकडे लक्ष ठेवून. हिरव्या साडीतल्या बाईंना तू म्हणालीस, की तुम्ही सगळ्यांचं मनापासून करता, पण आपलं कुणी करावं ही इच्छा तुम्ही कधी बोलून दाखवली नाही. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्याच वेळी माझ्या रांगेतल्या बहुतेक बायका मान हलवत होत्या, आणि एक मिशीवाले गृहस्थही. वर्गात मी याला अतिव्याप्ती म्हणत असे: शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय, अशी व्याख्या केली की म्हैसही गोठ्यात शिरते. तुझ्या वाक्यात सगळे सभागृह शिरत होते. प्रत्येकाला मात्र वाटत होते की दार आपल्यासाठीच उघडले. पुढे पृथ्वीराज नावाच्या त्या तरुणाचे गाव तू राधानगरी सांगितलेस आणि ते गारगोटी निघाले. तू क्षणही न दवडता म्हणालीस, "पाऊस तर तोच ना, पावणं?" लोक हसले, आणि घरी जाताना जिन्यावर दोघेजण एकमेकांना सांगत होते की तिने गावसुद्धा ओळखले. चुकलेले उत्तर हसण्यात विरघळते आणि बरोबर आलेले लक्षात राहते. शिवाय काय ओळखले म्हणजे यश मानायचे, हे तू आधी कधीच जाहीर करत नाहीस. परीक्षेत असे करणाऱ्या विद्यार्थ्याला मी बाहेर काढले असते.

हे सारे ओळखता आले म्हणून प्रयोग मला हलका वाटला, असा निष्कर्ष काढू नकोस. तो या विधानांतून निघत नाही. सतारीची तार कशी कंप पावते हे कळले म्हणून सतार वाजवता येत नाही. मला सर्वांत आवडले ते तुझे थांबणे. उत्तर देण्याआधी माणूस जो एक श्वास घेतो, त्या श्वासात बहुतेक लोक घाईने बोलून टाकतात. तू तिथे गप्प राहतेस आणि पाहतेस. मला वर्गात इतके थांबणे कधी जमले नाही.

आणि मग कोडोलीचे ते कृष्णात आले. धिप्पाड गृहस्थ, ट्रॅक्टरची किल्ली बोटात फिरवत रंगमंचावर चढले आणि माईक हातात येताच म्हणाले, "ताई, माझ्या मनात काय न्हायच की! काय वळखणार तुमी?" त्यावर तू म्हणालीस, "मन राहू दे दादा, किल्ली तर हाय न्हवं?" तुझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. त्यांनी सभागृहात जाऊन ती किल्ली एका अनोळखी बाईंच्या पर्समध्ये लपवली, आणि तू त्यांचे मनगट धरून निघालीस. तू त्यांना नेत नव्हतीस, तेही तुला नेत नव्हते, तरी तुम्ही दोघे जात होता. चुकीच्या रांगेकडे वळलीस की त्यांचा हात केसाएवढा जड होत असणार, बरोबर रांगेशी आलीस की केसाएवढा हलका. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. पर्समधून किल्ली निघाली तेव्हा ते स्वतःच्याच हाताकडे बघत म्हणाले, "आयला! हात माझा, आन् बोलतोय हिच्यासंगं!" सभागृह खो खो हसले. मी हसले नाही. त्या संध्याकाळी ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत हेच एक वाक्य नेमके होते.

त्यानंतर तू पट्टी काढून जे म्हणालीस त्याची मी दखल घेतली आहे. तू म्हणालीस, "मी कुणाच्या मनातलं ओळखत नाही. कृष्णातदादांनीच मला वाट दाखवली, फक्त तोंडानं नाही." तुझ्या पहिल्या जाहिरातीवर 'मनकवडी' असा शब्द होता आणि त्यावरून मी तुला जे सुनावले होते ते तुला आठवत असेल. माझा आक्षेप फसवणुकीला नव्हता. रंगमंचावर फसवून घ्यायलाच लोक तिकीट काढतात. आक्षेप दाव्याला होता. तो दावा तू सोडला आहेस, म्हणून त्या मुद्द्यावरचा आक्षेप मी मागे घेते. दुसरा मुद्दा अजून उभा आहे, आणि आपल्या दोघींचे बोलणे ज्यावरून थांबले तो तोच आहे.

आपल्या घरच्या तेजस्वीच्या साखरपुड्याचे सांगते आहे. जेवणाआधी पोरांनी लपवलेली वस्तू शोधून दाखव म्हणून तुझ्यामागे लकडा लावला आणि तू मला उभे केलेस. मी कुंकवाचा करंडा लपवला. खाऊच्या पिशव्या ठेवल्या होत्या त्या टेबलाखाली. तू माझे मनगट धरलेस आणि आपण मंगल कार्यालयात फिरलो. खुर्च्यांमधून, वाढप्यांमधून, पाहुण्यांच्या चपलांपर्यंत जाऊन परत. तुला काही सापडले नाही. नागाप्पा ओरडला, "घ्या! आक्काच्या मनात शिराय दारच न्हाई, खिडकी बी न्हाई!" वरपक्षाकडच्या कोणी तरी जोड दिली, "प्रोफेसर बाई हाईत, पास न्हाय करायच्या लवकर!" सगळे हसले. तू हळू आवाजात मला म्हणालीस, "आत्ती, तू मुद्दाम हात धरून ठेवलास. तुला माझं हसं करायचं होतं." मी म्हणाले, आरोपाला पुरावा दे. तू म्हणालीस, "पुरावा माझ्या हातात आहे. एवढा गप्प हात कुणाचा नसतो." आणि तू न जेवता गेलीस. त्यानंतर दिवाळीला तुझा निरोप येतो, संक्रांतीला माझा जातो, आणि दोन्हींत सारखेच शब्द असतात.

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे: मी तो करंडा सतत मनात धरला होता, तू सांगितलेस अगदी तसा, आणि हात सैल सोडला होता. पण तुझे विधानही खोटे नव्हते. हात गप्प होता. दोन खरी विधाने एकमेकांना छेद देत असतील तर कुठे तरी तिसरे विधान दडलेले असते, जे दोघांनी न तपासता मान्य केलेले असते. ते मला इतकी वर्षे सापडले नाही. ते तुझ्या प्रयोगात सापडले, तू स्वतःच बोलून दाखवलेस तेव्हा. कृष्णातांचे मनगट धरताना तू प्रेक्षकांना सांगितलेस, "मी नेहमी डावा हात धरते. उजवा हात सावध असतो, डावा भोळा."

मी अंधारात बसल्या बसल्या माझा डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिले.

शांभवी, आपल्या लिंगायत घरात डावा हात भोळा नसतो. सातव्या-आठव्या वर्षापासून मी रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, याच तळहातावर इष्टलिंग घेऊन बसते आहे. डोळ्यांच्या उंचीवर हात, लिंगावर नजर, आणि हात हलता कामा नये. अव्वा, तुझी आजी, समोर बसून म्हणायची, "हात हलला की लिंग हलतं, लिंग हललं की तू हललीस." माझ्या श्रद्धेची चर्चा इथे अप्रस्तुत आहे; प्रवासात, तापात, अव्वा गेली त्या दिवशीसुद्धा मी बसले, एवढे पुरे. तुलाही मी शेजारी बसवत असे. तुझा हात थरथरायचा आणि तू खुदकन हसायचीस, आणि पुढे तू ते सोडलेस. तो तुझा प्रश्न. पण मन कितीही धावत असले तरी स्थिर राहायचे, हे ज्या हाताला जन्मभर शिकवले, तोच हात तू धरलास आणि त्याला बोल म्हणालीस. तुझा नियम शंभर घरांत खरा ठरेल. कृष्णातांच्या घरी ठरला. खोटा ठरायला आपल्यासारखेच घर हवे होते, आणि तिथे तुला त्याची आठवण राहिली नाही. मलाही राहिली नाही. तेव्हा मी मुद्दाम काही केले नाही आणि तुझे कौशल्यही उणे पडले नाही. आपण दोघींनी चुकीचा साक्षीदार बोलावला.

मग बरोबर साक्षीदार कोणता, हे मला दुसऱ्याच ठिकाणी कळले. दर बुधवारी माझ्याकडे श्रुती नावाची एक तरुण मुलगी येते. ती माझ्यासमोर चित्रांचे पत्ते मांडते: छत्री, घंटा, सुई, कंदील. मी नाव सांगायचे. हे काम मला पूर्वी वाटले असते तितके सोपे राहिलेले नाही. गेल्या बुधवारी एका चित्रात ती वस्तू होती जिने गरम पातेले चुलीवरून उतरवतात, दोन पायांची, लोखंडी. ती मी रोज वापरते. तिचे नाव आत्ता, हे लिहितानाही, माझ्याजवळ नाही. मी मुद्दामच कोणाला विचारलेले नाही, म्हणजे तुला वस्तुस्थिती दिसेल. मी शब्द शोधत होते, आणि श्रुती हसून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला शब्द सापडायच्या आधी तुमचा हात सापडतोय की! बघा कसा चाललाय." मी पाहिले. उजवा हात टेबलावरून उचलला गेला होता आणि बोटे ती वस्तू धरल्यासारखी जुळली होती. मी त्याला तसे सांगितले नव्हते. मग मला आठवले की या हातात आयुष्यभर खडू होता. वाक्य पुरे व्हायच्या आत तो फळ्याकडे निघालेला असे. मुले माझ्या शब्दाआधी माझ्या हाताकडे बघून लिहून घेत. एका हाताला मी गप्प राहायला शिकवले आणि दुसऱ्याला आधी बोलायला. हे मी ठरवून केले नव्हते.

आता वस्तुस्थिती सांगते, आणि ती तू शांतपणे वाचावीस. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या करून निदान केले आहे. माझे शब्द जात आहेत. आधी वस्तूंची नावे, मग वाक्ये. बोलण्यातून आधी आणि लिहिण्यातून नंतर. हे उलटणार नाही. किती वेळ लागेल ते ते सांगत नाहीत आणि मीही फार विचारलेले नाही. मात्र एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली: शब्द गेले तरी माणसे ओळखणे, चव, आवड, नको-हवे हे पुष्कळ काळ शाबूत राहते. म्हणजे मी आत असेन. फक्त तसे सांगता येणार नाही.

तुझ्या वडिलांना हे माहीत आहे. तो रोज कारखान्यातून परत जाताना येतो, फळे आणतो, आणि माझी वाक्ये पुरी करतो. परवा मला खिडकी उघडून हवी होती, मी "ती... ती..." म्हणत राहिले आणि त्याने घाईघाईने शाल आणून माझ्या अंगावर टाकली. उकडत होते. मी नको म्हणून मान हलवली, तर तो शेजारणीला सांगू लागला, "आक्काला काय पायजे ते मला म्हाईत हाय. ल्हानपणापास्नं बघतोय की!" त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण मी शालीखाली बसून विचार करत होते, की अशी माया असेल तर पुढची कित्येक वर्षे मला रोज कोणती ना कोणती शाल पांघरली जाईल. मी कोणत्या खोलीत राहायचे, काय जेवायचे, रुग्णालयात न्यायचे की नाही, नळी घालायची की नाही, हे सगळे माझ्या नावाने ठरेल आणि त्यात मी नसेन. मरणाचे मला फारसे वाटत नाही. आपल्या तोंडी दुसऱ्याचे वाक्य घातले जाणे मात्र मला आयुष्यात कधी सहन झालेले नाही.

तर माझी मागणी अशी. तू येऊन माझा उजवा हात शिकावास. आत्ता, लवकर. शब्द गेल्यावर येऊन मनगट धरलेस तर ते पुरावा ठरणार नाही. कारण हात धरणाऱ्याचाही बोलतो, आणि तुला जे माझ्यासाठी बरे वाटेल तेच माझ्या हातात सापडू लागेल. नागाप्पाच्या शालीत आणि त्यात मग फरक राहणार नाही. हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. म्हणून आधी परीक्षा हवी. मी करंडा लपवीन, तू शोध. मी दोन वाट्यांपैकी एक मनात धरीन, कोणती ते श्रुतीला आधी सांगून ठेवीन आणि तिला बाहेर बसवीन, तू ओळख. काय ओळखले म्हणजे यश, हे दर वेळी आधी ठरवू. इथे पाऊस तोच आहे, असे म्हणून सुटता येणार नाही. तू चुकलीस की मी चूक म्हणेन, आणि तू पुन्हा धरशील. त्यातून माझा 'हो' कसा लागतो आणि 'नको' कसा लागतो हे तुझ्या बोटांना पाठ होईल, आणि कुठे तुझी स्वतःचीच इच्छा बोलते तेही. शेवटी हे विश्वासार्ह नाही असे ठरले, तर तसे आपण दोघी मिळून लिहून ठेवू आणि तू मोकळी होशील. तो निष्कर्षही मी मान्य करीन. पण हे तपासायला चुकीला चूक म्हणणारे कोणी तरी समोर असावे लागते. आज मी तेवढी आहे. बुधवार सोडून कोणत्याही सकाळी ये, श्रुतीला मी बोलावून घेईन; पूजा आटोपली की दोन्ही हात रिकामे असतात.

अजून माझ्याच शब्दांत,
तुझीच,
आत्ती